आवाजाचा वरचा काठ

धाकट्याने वाजवता वाजवता गिटारच्या तारांवर पंजा दाबला आणि मान वर करून पाहिलं. दादा समोर स्टुलावर बसून अजून मान डोलवत होता. 'झकास,' तो म्हणाला, 'खालचं बघ कसं घट्ट येतंय.' तेवढ्यात शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातली बाई काहीतरी मागायला म्हणून दादाच्या दुकानाच्या दारात आली आणि आल्या पावली कानांवर हात दाबून मागे सरकली. तिचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं होतं. धाकट्याने घाईघाईने गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पचं बटण पिरगाळून बंद केलं. बाईने हात खाली घेतले, हसली, कात्री मागितली, घेऊन गेली. दादाच्या लेखी या सगळ्या वेळात खोलीत काहीच घडलं नव्हतं. धाकट्याने पंजा दाबला तेव्हा आवाज थांबला होता, तो थांबलेलाच होता.

'काय झालं तिला?' दादाने विचारलं.

'शीळ मारतोय ना पिकअप,' धाकटा म्हणाला. मग दादाच्या तोंडाकडे त्याने क्षणभर पाहिलं आणि एखाद्याच्या अंगावरचा उसवलेला कपडा चुकून दिसावा तशी नजर चटकन दुसरीकडे वळवली. 'थोडीशीच. आवाजाचा गेन फार वर नेला होता मी,' असं म्हणून तो गिटारचा पट्टा उगाच सैल-घट्ट करत बसला. तारा खोलायला नकोत, तू सावकाश बघ, रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात आहे, घाई नाही, असं काहीबाही बोलून तो गिटार टेबलावर ठेवून निघूनही गेला. एरवी हलवल्याशिवाय न हलणारा माणूस.

तो गेल्यावर दादाने अ‍ॅम्प पुन्हा चालू केला. बटण फिरवत फिरवत पार टोकाला नेलं. तारांवर हात दाबून धरला, कान अ‍ॅम्पच्या जाळीला जवळजवळ चिकटवला. खालची घरघर ऐकू आली, विजेची. तिच्यावर काही नाही. मग त्याने जाळीवर बोटांची टोकं ठेवली. आतल्या स्पीकरचा कागदी शंकू कापत होता. बारीक, एकसारखा, तापलेल्या माणसाच्या मनगटासारखा. म्हणजे शीळ होती. आत्ता या खोलीत, त्याच्या नाकासमोर ती चालू होती, रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही कदाचित ऐकू जात होती, आणि तो तिथे वेड्यासारखा वाकून उभा होता. पलीकडून शिवणाच्या बाईने भिंतीवर थापा मारल्या. त्या मात्र त्याला स्वच्छ ऐकू आल्या.

गिटारच्या तारांखाली बसणारा हा पिकअप त्याने स्वतः गुंडाळलेला होता. केसाहून बारीक तांब्याची तार, चुंबकाभोवती तिचे हजारो फेरे, आणि वर मेण. वरची गिटारची तार कंप पावली की चुंबकाच्या भोवतालची अवस्था बदलते आणि तेवढ्यावर वीज जन्मते. एवढीशी, पण अ‍ॅम्पला तेवढी पुरते. फेरे सैल राहिले, मेण आतपर्यंत मुरलं नाही, की फेरेच आपापसात थरथरायला लागतात आणि पिकअप किंचाळतो. हे तो नव्या गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगत आला होता की बोलताना आता विचारही करावा लागत नसे. गावभर वाजवणारे लोक त्याच्याकडे येत ते हात बघून नव्हे, कान बघून. हात काय, पुष्कळांचे चांगले असतात. बंद डब्यात कोणता चुंबक आहे हे तो नुसतं ऐकून सांगायचा. त्याला सगळे कानसेनच म्हणत. ज्याला गाता येत नाही त्याने निदान ऐकायला शिकावं, अशी आईची थट्टा होती, त्यातून ते नाव पडलं आणि मग दुकानाच्या पाटीवरही चढलं. आणि हा पिकअप त्याने गेल्या आठवड्यात इथेच, याच स्टुलावर बसून, पुन्हा पुन्हा तपासून, समाधानाने बाजूला ठेवला होता. सगळा वेळ तो किंचाळत असणार. त्याआधीचे? त्याआधी ज्यांनी नेले ते? कुणीच परत आणून दिला नव्हता. कानसेन म्हणतोय तर ठीकच असेल, आपलंच काही चुकत असेल, असं म्हणून घरी बिचारे आपापल्या अ‍ॅम्पशी झगडत बसले असतील. त्याने वायर उपटून काढली.

संध्याकाळी घरी जाताना तो रस्ताभर ऐकत गेला. बसचं इंजिन, बांधकामावरचा खडखडाट, कुणाच्या तरी दुकानातला खर्जातला बोलघेवडा रेडिओ. सगळं होतं. सगळंच तर आहे की, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि चौकातल्या सिग्नलखाली एका मुलीला सायकल थांबवून वर झाडाकडे बघताना पाहिलं. ती हसत होती. त्या झाडात पाखरं होती. फांद्या हलत होत्या, पानांत धांदल चालली होती, आणि एक चकार शब्द नाही. पाखरं कधी गप्प झाली होती त्याच्यासाठी? आठवेना. ज्याचा शेवट कळला नाही ते आठवायचं तरी कुठून? धाकटा लहान असताना त्यांच्या खोलीच्या खिडकीत सकाळी एक पाखरू येऊन तारस्वरात भांडायचं, आणि हा धाकट्याला विचारायचा, सांग, कोणत्या पट्टीत भांडतंय? धाकटा डोळे चोळत, झोपेत, गिटारवर बोटाने शोधायचा. चुकला की टपली. आई इस्त्रीच्या कारखान्यात निघालेली असायची, दारातून म्हणायची, अरे त्याला दात तरी घासू दे. एकच गिटार होती, एकच हेडफोन होता, त्याचा एक कान याच्याकडे, एक त्याच्याकडे. डावा दादाचा. दोन तारा जवळजवळ जुळल्या की त्यांच्या मध्ये एक लाट उठते, वांव-वांव-वांव, ती मंदावत मंदावत नाहीशी झाली की जुळल्या. ती लाट धाकट्याला ऐकूच येईना. रडकुंडीला आला होता पोर. मग एका दुपारी आली. 'दादा, गेली!' तो ओरडला होता. लाट गेली, म्हणजे जुळलं. दादाने त्याला उचलून गरकन फिरवलं होतं, आणि धाकट्याचा पाय लागून दिव्याची काच फुटली होती, आणि दोघांनी मिळून ती आई यायच्या आत लपवली होती.

घरी बायको केस पुसत होती. ती पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची, आणि अलीकडे तिचा आवाज फार चढलाय असं त्याचं मत होतं. दिवसभर पाण्याच्या या काठावरून त्या काठावर ओरडायचं म्हटल्यावर माणसाची सवय बिघडणारच, असं त्याने एकदा पाहुण्यांसमोर थट्टेने म्हटलंही होतं. ती तेव्हा हसली होती. आता ती काहीतरी सांगत त्याच्या मागून स्वयंपाकघरात गेली आणि बोलता बोलता वळसा घालून त्याच्या समोर आली, मग वाक्य पूर्ण केलं. ती असं करते हे त्याला आज दिसलं. ती रोज असं करत असणार. जेवताना ती त्याच्या डाव्या हाताला बसते. पूर्वी उजव्या हाताला बसायची, खिडकीतून वारा येतो म्हणून. कपडे धुवायचं यंत्र थांबलं की तीच उठते. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तीच. त्याला वाटायचं, हिला घराची फार काळजी. तो जेवता जेवता थांबला आणि दाराकडे बघत राहिला. दारावरची घंटा मागे कधीतरी बदलली होती. जुनी बिघडली असं ती म्हणाली होती, आणि ही नवी आली होती, म्हशीसारखी हंबरणारी. त्याने तेव्हा तक्रार केली होती की काय हा आवाज, कुठून शोधून आणलीस.

ती आंघोळीला गेल्यावर त्याने खालचा खण उघडला. जुनी घंटा चिंध्यांच्या खाली होती, टाकून दिलेली नव्हती. त्याने तिला बॅटरीच्या दोन तारा लावल्या. काही नाही. बिघडलेलीच आहे, असं त्याला वाटलं आणि एवढं हायसं वाटलं की हसू आलं. मग ती तळहातावर ठेवली. ती थरथरत होती. मुठीत धरलेल्या किड्यासारखी ती त्याच्या हातात जीव तोडून वाजत होती. न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं. बायको ओल्या पायांनी, टॉवेल गुंडाळून, बाहेरच्या दाराकडे धावली होती. अर्ध्या वाटेत तिला तो दिसला, त्याच्या हातातली घंटा दिसली. ती जागच्या जागी थांबली. तिच्या पायाखाली पाण्याचं थारोळं साचत गेलं.

'मला वाटलं, तुला माहीत आहे,' ती म्हणाली. 'माहीत आहे आणि तुला त्यावर बोलायचं नाही, असं वाटलं मला.'

त्याने तारा सोडवल्या. किती काळ झाला, असं त्याला विचारायचं होतं. पण तिने खरं सांगितलं असतं. म्हणून त्याने विचारलं नाही. रात्रभर ती त्याच्या पाठीवर हात ठेवून झोपली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून, आपल्या आसपासच्या माणसांनी आपल्याला न सांगता आपल्यासाठी काय काय हलवून ठेवलं असेल, हे एकेक आठवत होता.

कान तपासणाऱ्या बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तिच्यात एक काचेची पेटी, पेटीत खुर्ची, कानांवर जाडजूड हेडफोन. आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला तो पटापट दाबत गेला. खर्ज, मध्य, आणखी थोडं वर. मग काचेपलीकडे बाईंचा हात हलला आणि कानात काही आलं नाही. पुन्हा हलला. नाही. त्याने दाबलं. पुढच्या वेळी हात हलताच पुन्हा दाबलं. बाई थांबल्या. त्या उठल्या, खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसल्या, आणि मग तो एकटाच राहिला. इतकी शुद्ध शांतता त्याने जन्मात ऐकली नव्हती. काम काय करता, असं बाईंनी नंतर विचारलं, आणि त्याने सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तरुणपणी बँडमध्ये होतो, असंही त्याने सांगितलं. भावाला घेऊन काढला होता. तळघरात तालीम, तीन अ‍ॅम्प आणि एक ढोल्या, म्हणजे त्यांचा ड्रमवाला, तो झांजांवर तुटून पडायचा, आणि दादा बरोबर त्या झांजांच्या शेजारी उभा राहायचा, कारण तिथून सगळं नीट ऐकू येतं. तालमीनंतर कान गुंगायचे. ती गुंगी घेऊन घरी जाणं म्हणजे काहीतरी कमावून घरी नेल्यासारखं वाटायचं. धाकट्याला मात्र तो कानात कापसाचे बोळे घालायला लावी. तू लहान आहेस, म्हणायचा. बाई म्हणाल्या, वरचं गेलंय, खालचं बऱ्यापैकी शाबूत आहे, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं जपा. यंत्र लावता येईल, त्याने बोलणं समजेल. बोलणं, त्या म्हणाल्या. संगीताबद्दल मी खात्री देणार नाही.

दुकानात त्याने तो पिकअप पुन्हा मेणात सोडला. मंद आचेवर, वितळलेल्या मेणात, तळातून बारीक बुडबुडे येईपर्यंत. आतली हवा निघते ती. यासाठी कान लागत नाहीत. बुडबुडे थांबले तेव्हा त्याने पिकअप बाहेर काढून पुसला, निववला, मीटर लावून पाहिला, आणि काटा जिथे यायला हवा तिथेच आला. जाळीवर बोटं ठेवली. कागद स्थिर होता. मग पिकअप हातात घेऊन तो बसून राहिला. धाकट्याच्या बँडचं हल्लीचं वाजवणं त्याला पुरतं ठाऊक होतं. तारा इतक्या खाली उतरवलेल्या की सैल दोरीगत लोंबाव्यात, आणि त्यांवर उजव्या हाताचा मारा, थांबत-तुटत, शिवणयंत्रासारखा. असल्या वाजवण्यात नरम चुंबकाचा पिकअप घातला तर खालचे सूर एकमेकांच्या अंगावर कोसळतात, लगदा होतो. कडक चुंबक हवा. फेरे मोजके हवेत, फार झाले की आवाज नुसता मोठा होतो आणि आंधळा होतो. प्रत्येक आघाताला वरच्या अंगाला एक काठ लागतो, पत्र्याच्या कडेसारखा. त्या काठामुळे तर एक आघात दुसऱ्यापासून वेगळा कळतो. या पिकअपमध्ये तो काठ असणार होता. त्यानेच तो तसा गुंडाळला होता, महिनाभर खपून, फेऱ्यांचा हिशेब बदलून बदलून. या पिकअपचा सगळा जीव त्या काठात होता आणि नेमका तोच त्याच्या हद्दीबाहेर गेला होता.

धाकटा आला तेव्हा दुपार होती. वहिनीचा फोन आला होता, एवढंच म्हणाला. दादाने मान हलवली. ते दोघे असल्या गोष्टी बोलणारे भाऊ नव्हतेच. दादाने आधी गिटारमध्ये जुना पिकअप चढवला, पूर्वी त्यांच्या बँडच्या वेळचा, नरम चुंबकाचा, मधल्या सुरांचा. धाकटा वाजवू लागला. दादाला सगळं ऐकू आलं. किती दिवसांनी असं सगळं आल्यासारखं वाटलं. जाड, उबदार, भरलेलं. धाकटा सावकाश वाजवत होता, दर दोन ओळींनी मान वर करून पाहत होता. मग दादाने तारा सोडून नवा पिकअप बसवला. धाकट्याने पहिला आघात केला आणि त्याचा हातच बदलला. खांदा खाली आला, मनगट मोकळं झालं, आणि आधी ज्या जागी तो थांबला होता त्याच जागी आता बोटं आपोआप पुढे काहीतरी करून गेली, काहीतरी नवीन, त्याने ठरवलेलं नसलेलं. दादाच्या कानावर खालून नुसते ठोके पडत होते, भिंतीपलीकडे कुणी सामान हलवावं तसे. पण हात त्याला दिसत होता. तो हात त्यानेच शिकवला होता.

धाकट्याने मध्येच वाजवणं थांबवलं. 'जुनाच ठेव,' तो म्हणाला.

का, असं दादाने विचारलं. जुन्यात ऊब आहे, धाकट्याने सांगितलं, नवा जरा चिरका वाटतो, आणि हल्ली सगळे असलेच कडक चुंबक लावतात, आपण वेगळं काहीतरी करू. दादाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या ओठांवर डोळे ठेवून. मग म्हणाला, जुन्यात तुझं तिसरं गाणं वाजव बघू, ते भरधाव जाणारं. धाकट्याने गिटार मांडीवरून काढून टेबलाला टेकवली. ते वाजणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

'खोटं बोलू नकोस. माझ्यासाठी करतोयस ना हे?'

धाकटा पायाशी पडलेले तारेचे तुकडे बुटाने एकत्र करू लागला. आता त्याचेही केस पिकायला लागले होते. दादाला ते पहिल्यांदाच नीट दिसलं. 'जुना लावला तर तुला ऐकू येईल ना रे,' तो म्हणाला. 'आजवर काहीही वाजवलं तरी आधी मनात येतं, दादाला कसं वाटेल. तूच ऐकणार नसशील तर मी कुणाला वाजवून दाखवू?'

दादाला भीती वाटली की बोललो तर आपला आवाज किती मोठा निघेल याचा आपल्याला अंदाज राहणार नाही. हो म्हणावं, असंही त्याला वाटलं. एकदाच. लाव जुना, वाजव माझ्यासाठी, मी बसेन ऐकत, लोक गेले उडत. एका गिटारच्या आवाजाने कुणाचं काय अडणार होतं? ते गाणं लगद्यासारखं वाजलं असतं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर त्याला ऐकू आलं असतं. तो हे सगळं मनात एकदा पूर्ण जगून आला. मग त्याने जोड डागायचं सोल्डरिंग आयर्न उचललं, टोक ओल्या स्पंजला पुसलं, वाफ उठली. तात्पुरत्या चिकटवलेल्या नव्या पिकअपच्या तारा त्याने पक्क्या करायला घेतल्या.

'दादा.'

'दिवा जरा इकडे धर,' दादा म्हणाला. 'ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी वाजव. मला तू नंतर सांग.'

धाकट्याने दिवा धरला. कथील वितळलं, चमकलं, मग निवून धुरकट झालं. त्याने जोड ओढून पाहिला. पक्का होता. पिकअपची उंची तारांपासून एका नाण्याच्या जाडीइतकी ठेवली, खालच्या बाजूला किंचित कमी, मग स्क्रू आवळले, तारा चढवल्या, आणि गिटार भावाच्या हातात दिली. आपली स्वतःची वस्तू परक्या घरी पाठवताना जशी देतात तशी दोन्ही हातांनी.

धाकटा आधी बसून वाजवू लागला. त्याच्याकडे बघत, जपून. दादाने मान डोलवली नाही, काही दाखवलं नाही; कापडाने हात पुसत राहिला. थोड्या वेळाने धाकट्याने अ‍ॅम्पचं बटण वर नेलं. जमीन हादरली, डब्यातले स्क्रू नाचायला लागले. मग धाकटा उठून उभा राहिला. दादाला पायांच्या तळव्यांतून ठोके लागत होते, एकामागून एक, मध्ये स्वच्छ पोकळ्या सोडत. त्या पोकळ्यांच्या वर काय चाललं होतं ते त्याच्यापर्यंत येत नव्हतं. गाणं कोणतं ते त्याला बोटांवरून कळलं. तिसरंच होतं. मधल्या वळणावर धाकटा अ‍ॅम्पकडे वळला, जसं वाजवणारा कुणीही आपल्या आवाजाकडे वळतो, आणि त्याची पाठ दादाकडे झाली. ओळ संपली, दुसरी संपली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. गाणं संपलं तरी थांबला नाही, पुढचं धरलं. शर्ट पाठीला चिकटला होता, मान खाली गेली होती, तो पार हरवला होता.

पिकअप बरोबर लागलाय, असं दादाला तेव्हा कळलं. त्याने टेबलावरचे तारेचे तुकडे तळहातात गोळा केले, जुना पिकअप कापडात गुंडाळला, आणि भावाला हाक न मारता भिंतीला पाठ टेकून खाली जमिनीवर बसला, जिथे ठोके जास्तीत जास्त पोचतील तिथे.